कृत्रिम चेताजालांतील समन्वय : चुकीचा हिशेब कोण ठेवतो?

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला विषय सुचविला तो ‘यंत्राची बुद्धी’ असा होता. विषय अवाढव्य आहे. तासाभरात सगळेच सांगायला गेलो तर कोणाच्याच हाती काही लागणार नाही. म्हणून त्यातला एकच धागा मी घेतो. आज आपली मुले मोबाइलवरील ज्या यंत्राला प्रश्न विचारतात आणि प्रसंगी निबंधही लिहून घेतात (शिक्षकवर्गाला हे सांगायला नको), त्या यंत्राच्या पोटात कोट्यवधी लहान घटक एकाच वेळी राबत असतात. एवढा मोठा कारभार, म्हणजे त्याला कोणी कारभारी असणारच, असे आपण धरून चालतो. कामाची वाटणी कोण करतो? चुकले तर कान कोण पकडतो? एकाने केलेले दुसऱ्याने बिघडवू नये, हे कोण पाहतो? या प्रश्नांची उत्तरे संशोधकांनी गेल्या ऐंशी वर्षांत एकेक करून शोधली. त्यांतली काही उत्तरे शाळा चालविणाऱ्या माणसांनी कान देऊन ऐकावीत अशी आहेत.

इंग्रजीत ज्याला आर्टिफिशियल न्यूरल नेटवर्क म्हणतात त्याला मी चेताजाल म्हणेन आणि त्या जाळ्यातील प्रत्येक गाठीला पेशी म्हणेन. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी रागावू नये. ही पेशी जिवंत नसते. ती केवळ एक बेरीज असते. तिच्याकडे अनेक तारांतून आकडे येतात. प्रत्येक तारेला एक वजन दिलेले असते. आलेल्या आकड्याला त्या वजनाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेप्रमाणे पुढच्या पेशीला लहान किंवा मोठा आकडा द्यायचा. जाळ्याची सारी विद्या त्या वजनांत साठविलेली असते. जाळे शिकले म्हणजे वजने बदलली, याहून अधिक काही झालेले नसते.

अशा पेशीचे पहिले गणित १९४३ साली अमेरिकेत वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मांडले. मॅकलक हे मेंदूचे अभ्यासक, पिट्स हा जेमतेम विशीतला गणिती. त्यांच्या पेशीला एक उंबरठा होता : बेरीज त्याच्या वर गेली तर पेशी बोलणार, नाही तर गप्प. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. काही तारांना त्यांनी नकाराधिकार दिला होता. अशा एका जरी तारेतून इशारा आला, तरी बाकीच्या कितीही तारा ‘हो’ म्हणोत, पेशी गप्प बसे. म्हणजे नियंत्रणाची कल्पना या शास्त्रात पहिल्या दिवसापासून होती. नव्हते ते शिकणे. मॅकलक आणि पिट्स यांच्या जाळ्यात वजने माणसाने बसवायची आणि ती तशीच राहायची.

शिकणारे यंत्र आणले ते फ्रँक रोझेनब्लाट या मानसशास्त्रज्ञाने. १९५८ साली त्याचा ‘पर्सेप्ट्रॉन’वरील निबंध प्रसिद्ध झाला. पुढे बफलो शहरातील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत जे यंत्र बांधले गेले त्याला डोळे म्हणून ४०० प्रकाशघट होते, आणि वजने बदलण्याचे काम खरोखरीच्या विजेच्या मोटरी करीत. रेडिओचा आवाज लहानमोठा करायला जसे बटण फिरवितात तशी ती बटणे मोटरीने फिरायची. यंत्र चुकले की मोटरी घरघरू लागायच्या. शिकण्याची क्रिया कानाने ऐकू यावी, असे भाग्य आजच्या विद्यार्थ्यांना नाही.

या यंत्रात चुकीची जबाबदारी ठरविणे सोपे होते, कारण शिकणारा थर एकच होता. उत्तर चुकले तर ज्या तारा त्या वेळी चालू होत्या त्यांचीच वजने बदलायची. अडचण अशी की एका थराला काही साध्या गोष्टीही जमत नाहीत. आपल्या जिन्यातला दिवा घ्या. खाली एक बटण, वर एक बटण. दोन्ही बटणे एकाच बाजूला असली तर दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूंना असली तर चालू. वायरमनला हे काम चहा पिता पिता जमते. पण एका थराच्या जाळ्याला ते कितीही शिकविले तरी येणार नाही, हे सिद्धच करता येते. मार्व्हिन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ साली आपल्या पुस्तकात अशा मर्यादांचा पुरा हिशेब मांडला आणि पुष्कळांचा या विषयातला रस आटला.

मधे एक थर घातला तर जिन्याचा दिवा जमतो, हे सर्वांना ठाऊक होते. मग घोडे अडले कोठे? तर मधल्या थरातल्या पेशीला तिची चूक कोणी सांगायची, येथे. शेवटच्या पेशीचे उत्तर बरोबर की चूक हे आपल्याला दिसते. मधल्या पेशीचे बरोबर उत्तर काय असायला हवे होते, हे कोणालाच माहीत नसते. पुस्तकात तिचे उत्तर छापलेले नाही. एखाद्या शाळेचा एस.एस.सी.चा निकाल घसरला तर दहावीच्या वर्गशिक्षकाला विचारता येते. पण पाचवीत गणित शिकविणाऱ्याचा त्यात वाटा किती, हे कसे काढायचे? प्रश्न नेमका हाच होता.

त्याचे उत्तर एकाच माणसाला सुचले असे नाही. फिनलंडच्या सेप्पो लिनाइनमा यांनी १९७० साली त्यामागचे गणित दिले, अमेरिकेत पॉल वर्बोस यांनी १९७४ साली हार्वर्डच्या आपल्या प्रबंधात ती रीत मांडली, आणि १९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन व रोनाल्ड विल्यम्स यांच्या ‘नेचर’मधील निबंधाने ती सर्वदूर गेली. (यांपैकी हिंटन यांना जॉन हॉपफिल्ड यांच्यासमवेत २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चेताजालाच्या कामाला भौतिकशास्त्राचे पारितोषिक कसे, यावर बरीच चर्चा झाली. ती आपण सोडून देऊ.)

ही रीत मी फळ्यावर करून दाखवितो. दहावीच्या विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावी.

शेवटची एक पेशी आहे आणि तिला निरोप देणाऱ्या दोन पेशी आहेत, अ आणि ब. अ ने ०.९ हा आकडा पाठविला, त्या तारेचे वजन ०.५. ब ने ०.१ पाठविला, त्याचे वजन ०.३. गुणून बेरीज केली की ०.४५ अधिक ०.०३, म्हणजे ०.४८. उत्तर यायला हवे होते १. तूट ०.५२. आता वजने किती बदलायची? नियम असा : तूट गुणिले त्या तारेतून आलेला आकडा, गुणिले एक लहानसा अंक, ज्याला शिकण्याचा वेग म्हणतात. तो ०.१ धरू. अ च्या तारेचे वजन ०.०४६८ ने वाढेल, ब च्या तारेचे ०.००५२ ने. अ जास्त बोलला होता म्हणून त्याची दुरुस्ती ब च्या नऊपट झाली. पुन्हा बेरीज करून पाहा, उत्तर ०.५२ च्या थोडे वर येते. तूट थोडी कमी झाली.

पण खरी गोम पुढे आहे. शेवटची पेशी आपली तूट मागेही पाठविते. अ कडे तूट गुणिले वजन, म्हणजे ०.२६ जाते, ब कडे ०.१५६. अ ला आता कळले की ‘तू आणखी बोलायला हवे होतेस, आणि एवढ्या प्रमाणात’. अ हाच हिशेब आपल्यामागच्या पेशींशी करतो, त्या त्यांच्यामागच्यांशी. उत्तर पुढे जाताना ज्या तारांवरून गेले, त्याच तारांवरून, त्याच वजनांच्या प्रमाणात चूक परत येते. कोणत्याही पेशीला सगळ्या कारखान्याचा हिशेब माहीत असण्याची गरज नाही. तिने फक्त शेजाऱ्याकडून आलेली चूक घ्यायची, आपला वाटा उचलायचा आणि उरलेली मागे द्यायची. मुकादम नाही, तपासनीस नाही. तरीही पाचवीच्या गुरुजींच्या वाट्याला त्यांचा नेमका हिस्सा येतो.

तो ०.१ चा वेग कशाला, असे कोणी विचारील. एकदम सगळी तूट भरून का काढू नये? येथे समन्वयाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. समजा दोन भाऊ वेगवेगळ्या गावी नोकरीला आहेत. घरच्या दुकानाची पाचशे रुपयांची उधारी थकली असल्याचा निरोप दोघांना एकाच दिवशी मिळतो. दोघेही गुणी, दोघेही पाचशे पाठवितात. जाळ्यात प्रत्येक वजन असेच वागते. बाकीचे सगळे जागच्या जागी राहतील असे धरून ते आपली दुरुस्ती ठरविते, आणि प्रत्यक्षात सगळेच एकदम हलतात. वर घेतलेल्या उदाहरणात वेग ०.१ ऐवजी ३ घेऊन पाहा. अ चे वजन १.९०४ होईल, ब चे ०.४५६ आणि उत्तर येईल १.७६ च्या आसपास. तूट होती ०.५२, आता जास्ती झाली ०.७६. पुढच्या फेरीत उलट दिशेने १.११ ची तूट येईल. चूक कमी होण्याऐवजी झोके घेत वाढत जाईल. एकमेकांशी न बोलता कोट्यवधी घटकांना बरोबर चालायचे असेल तर प्रत्येकाने छोटे पाऊल टाकणे, हीच त्यांची आपसांतली बोली असते. मोठी जाळी शिकविणारे अभियंते आजही या एका अंकावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. सुरुवातीला तो हळूहळू चढवितात, शेवटी उतरवितात.

कालव्यावर ज्यांची जमीन आहे त्यांना ‘टेल’ म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. माथ्याच्या शेतकऱ्याला पाणी भरपूर, शेवटच्याला चारी कोरडी. मागे जाणाऱ्या चुकीचेही तसेच होते. जुन्या पद्धतीच्या पेशीत प्रत्येक थर ओलांडताना चुकीला एका उताराने गुणावे लागे, आणि तो उतार फार तर पाव असे. वजनांचा भाग सोडला तर दहा थर ओलांडल्यावर चूक किती उरली? पावचा दहावा घात, म्हणजे दहा लाखांत एक भागाहूनही कमी. पहिल्या थरांना आपण चुकत आहोत याचा पत्ताच लागत नसे. जर्मनीत जोसेफ हॉखरायटर याने १९९१ साली विद्यार्थिदशेतील प्रबंधात हे दाखवून दिले. इलाज दोन तऱ्हांनी निघाला. वाक्यासारखी लांबत जाणारी माहिती वाचणाऱ्या जाळ्यांसाठी हॉखरायटर आणि युर्गेन श्मिडहुबर यांनी १९९७ साली दारे बसविलेली पेशी काढली. आत घेण्याचे एक दार, बाहेर देण्याचे एक. आणि १९९९ साली त्यात विसरण्याचे तिसरे दार आले. प्रत्येक दार शून्य ते एक यांमध्ये कितीही उघडते, आणि किती उघडायचे तेही जाळेच शिकते. दुसरा इलाज २०१५ सालचा, मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा. त्यांनी प्रत्येक दोन-तीन थरांना वळसा घालून सरळ जाणारी चारी काढली. त्या चारीवर पाणी मुरत नाही. मग १५२ थरांचे जाळेही शिकू लागले.

लक्ष देण्याच्या यंत्रणेविषयी, इंग्रजीत ज्याला अटेन्शन म्हणतात, फार बोलत नाही, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. ‘सलमाने आईला आपली छत्री दिली’ या वाक्यात ‘आपली’ हा शब्द सलमाकडे पाहतो, आईकडे नाही. कोणत्या शब्दाने कोणाकडे किती पाहायचे, हे त्या त्या वाक्यापुरते ठरविण्याची सोय २०१४ साली भाषांतराच्या जाळ्यांत आली आणि २०१७ पासून तिच्यावरच सारी इमारत उभी राहिली.

आणखी एक युक्ती सांगतो, ती मला फार आवडते. जाळे मोठे झाले की त्यातल्या काही पेशी साटेलोटे करतात. एक चुकते, दुसरी नेमकी तेवढीच उलट चुकते, आणि दोघींचे मिळून पाठांतर बरोबर येते. नवा प्रश्न आला की दोघी उताण्या पडतात. हिंटन यांनी सांगितले आहे की ते आपल्या बँकेत जात तेव्हा खिडकीवरची माणसे सारखी बदललेली असत. त्यांनी कारण विचारले. ते कोणाला सांगता येईना. पण त्यांच्या मनात आले, बँकेला फसवायचे तर नोकरांची मिलीभगत हवी, आणि बदल्या होत राहिल्या की ती जमत नाही. २०१२ साली त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी जाळ्यात हेच केले. शिकविताना दर फेरीला मधल्या थरांतील निम्म्या पेशी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून घरी बसवायच्या. कोणाच्या जोडीला उद्या कोण असेल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकीला स्वतःचे काम नीट शिकावे लागते.

आता मी ज्या भागासाठी हा विषय निवडला तो येतो.

अगदी मोठ्या जाळ्यात प्रत्येक प्रश्नासाठी सगळ्या पेशी जाग्या करणे परवडत नाही. म्हणून जाळ्याचे गट पाडतात. प्रत्येक गटाला ‘तज्ज्ञ’ म्हणतात, आणि आलेले काम कोणत्या तज्ज्ञाकडे सोडायचे हे ठरविणारा एक लहानसा पाटकरी मधे बसवितात. कल्पना जुनी आहे. रॉबर्ट जेकब्स, मायकेल जॉर्डन, स्टीव्हन नोलन आणि हिंटन यांनी ती १९९१ साली मांडली. २०१७ साली नोम शझीर आणि त्यांच्या गूगलमधील सहकाऱ्यांनी हजारो तज्ज्ञ असलेली जाळी बांधली. येथे खराखुरा वाटप करणारा आला. इतका वेळ मी मुकादम नाही, मुकादम नाही म्हणत होतो. हा घ्या मुकादम. आणि त्याच्याबरोबर मुकादमाचे सगळे दोषही आले.

दोष कसा उत्पन्न होतो ते पाहा. सुरुवातीला सगळे तज्ज्ञ सारखेच अडाणी असतात, कारण त्यांची वजने नाणेफेक केल्यासारखी कशीही भरलेली असतात. पाटकरीही अडाणीच. योगायोगाने एका तज्ज्ञाचे पहिले उत्तर इतरांपेक्षा किंचित बरे येते. पाटकरी शिकतो की हा बरा आहे, आणि पुढचे काम त्याच्याकडे सोडतो. ज्याच्याकडे काम जाते त्याच्याकडेच चूक परत येते, आणि ज्याच्याकडे चूक परत येते तोच शिकतो. म्हणून तो आणखी बरा होतो. पाटकऱ्याचा विश्वास आणखी वाढतो. बाकीच्यांकडे कामच येत नाही. त्यांना चुकायची संधी मिळत नाही, म्हणून शिकायचीही नाही. थोड्याच वेळात चार-दोन तज्ज्ञ सगळे काम उपसत असतात आणि उरलेले कायमचे कोरे राहतात. लक्षात घ्या, पाटकऱ्याच्या मनात कोणाविषयी आकस नाही. त्याला मनच नाही. तो प्रत्येक वेळी उपलब्ध असलेल्यांतला सर्वांत चांगला निवडतो, आणि त्या निवडीचा प्रत्येक टप्पा पुराव्यानिशी बरोबर असतो.

मुलांना आणि यंत्रांना एका मापाने मोजू नये. तथापि आपल्या शिष्यवृत्ती समितीवर जे बसतात, वक्तृत्व स्पर्धेला शाळेतर्फे कोणाला पाठवायचे ते जे ठरवितात, त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसते आहे की हे वर्णन त्यांना परके वाटले नाही. गेल्या वर्षी जी मुलगी बोलली तीच यंदाही चांगली बोलते, हे खरेच असते. तिला गेल्या वर्षी बोलायला मिळाले होते.

अभियंत्यांनी काय केले, ते शिकण्यासारखे आहे. पहिला उपाय : पाटकऱ्याच्या निर्णयात मुद्दाम थोडी गडबड मिसळायची, म्हणजे मागे पडलेल्यालाही अधूनमधून काम मिळेल. दुसरा उपाय दंडाचा. उत्तराच्या चुकीतच आणखी एक रक्कम मिळवायची. वाटप जितके विषम तितकी ती मोठी. मग पाटकऱ्याला दोन धन्यांची मर्जी राखावी लागते, उत्तरही बरोबर आले पाहिजे आणि वाटपही सारखे झाले पाहिजे. या उपायाने कोरे तज्ज्ञ कामाला लागले. पण त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. दंड कमी ठेवला तर पुन्हा पहिले पाढे. दंड जास्त ठेवला तर पाटकरी योग्यता न पाहता नुसत्या पाळ्या लावतो आणि जाळ्याचे उत्तर बिघडते. समान वाटप आणि चांगले काम यांत ओढाताण असते, हे त्यांच्या आकड्यांतच दिसले.

डिसेंबर २०२४ मध्ये चीनच्या डीपसीक कंपनीने आपले तिसरे मोठे जाळे प्रसिद्ध केले. त्यात एकूण ६७१ अब्ज वजने आहेत, पण एका शब्दतुकड्यासाठी त्यांतली सुमारे ३७ अब्जच कामाला लागतात. तज्ज्ञांच्या प्रत्येक थरात २५६ तज्ज्ञ. पाटकरी त्यांतले ८ निवडतो. याखेरीज एक तज्ज्ञ सर्वांसाठी कायम हजर असतो. येथे त्यांनी दंडावरची भिस्त जवळजवळ काढून टाकली. त्याऐवजी प्रत्येक तज्ज्ञाच्या नावावर एक वाढीव गुण ठेवला. ज्याच्याकडे काम फार झाले त्याचा वाढीव गुण दर फेरीला थोडा उतरवायचा, ज्याच्याकडे कमी झाले त्याचा थोडा चढवायचा. आणि यातला बारकावा असा की हा वाढीव गुण फक्त निवडीच्या वेळी मोजायचा. निवड झाल्यावर त्या तज्ज्ञाच्या उत्तराला किती किंमत द्यायची, ते त्याच्या मूळ गुणांवरच ठरते. आत येण्याची संधी वेगळी आणि आत आल्यावर कामाचे मोल वेगळे, असे दोन हिशेब त्यांनी वेगळे केले. आपल्याकडे सवलतीच्या गुणांवर जे वाद होतात त्यांत हे दोन हिशेब नेहमी एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून मला ही सुटसुटीत कल्पना विशेष वाटली.

‘तज्ज्ञ’ या शब्दाविषयीही सावध केले पाहिजे. आपण समजू की एक तज्ज्ञ गणिताचा, एक कायद्याचा, एक वैद्यकाचा असेल. फ्रान्सच्या मिस्ट्राल कंपनीने आठ-आठ तज्ज्ञांचे एक जाळे काढले होते. प्रत्येक थरात आठांपैकी दोघांची निवड. जानेवारी २०२४ च्या निबंधात त्यांनी कोणाकडे काय जाते ते तपासून पाहिले. विषयवार वाटणी काही दिसली नाही. वाटणी दिसली ती वाक्यरचनेच्या अंगाने. श्रमविभागणी झाली, पण ती माणसाने कल्पिलेल्या खात्यांप्रमाणे झाली नाही.

येथवर आपण जाळ्याच्या आत पाहिले. आता एक पाऊल बाहेर येऊ, कारण मघापासून एक प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. चूक मागे जाते, वाटली जाते, दारे उघडतात, पाटकरी काम सोडतो. पण चूक म्हणजे काय, हे कोणी ठरविले? ते जाळे ठरवीत नाही. ते जाळ्याबाहेरच्या माणसांनी ठरवून दिलेले असते. भाषा शिकणाऱ्या जाळ्यात बहुधा असे ठरते : मजकुरातला पुढचा तुकडा ओळखायचा, न ओळखता आल्यास चूक धरायची, आणि सगळ्या मजकुरावरची सरासरी चूक कमी करायची. ‘सरासरी’ हा शब्द निरुपद्रवी दिसतो. २०२० च्या जीपीटी-३ या जाळ्याला दिलेल्या मजकुरात शब्दसंख्येने सुमारे ९३ टक्के इंग्रजी होते. समजा, शंभर ओळींत नव्वद इंग्रजी आणि एक मराठी आहे. मग इंग्रजीतली चूक ओळीमागे एक पैसा कमी करणे आणि मराठीतली ओळीमागे नव्वद पैसे कमी करणे, या दोहोंचा सरासरीला होणारा फायदा अगदी सारखा. जाळ्याची सगळी यंत्रणा चोख चालली तरी ती इंग्रजीचे काम आधी करील. मराठीविषयी त्याला राग आहे म्हणून नव्हे. मघाच्या पाटकऱ्यालाही कोठे राग होता?

त्यात लिपीची भर. संगणकाच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, उर्दूचे दोन, देवनागरीचे चिन्ह तीन. ‘शाळा’ या शब्दाला, काने वेगळे मोजून, बारा बाइट लागतात. ‘स्कूल’ इंग्रजीत लिहिले तर सहा. ज्या जाळ्यांनी शब्दांचे तुकडे इंग्रजीबहुल मजकुरावरून पाडले त्यांत मराठी-उर्दू शब्दांचा चुरा होतो, आणि एकच वाक्य वाचायला त्यांना जास्त श्रम पडतात.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो चमत्कारिक रीतीने सोपा आहे. भाषांच्या वाटपाचे एक फाटक आहे, आणि ते एका घातांकाने उघडते. २०१८ साली गूगलने बर्ट या जाळ्याची बहुभाषी आवृत्ती काढली. तिच्या १०४ भाषांत मराठीही होती, उर्दूही. विकिपीडियात ज्या भाषेचा मजकूर जितका, तितकाच तो द्यायचा म्हटले तर इंग्रजी आइसलँडिकच्या हजारपट जाळ्यापुढे आली असती. त्यांनी प्रत्येक भाषेच्या प्रमाणाचा ०.७ घात घेतला, आणि हजारपट उतरून शंभरपटीच्या आसपास आले. पुढच्याच वर्षी फेसबुकच्या संशोधकांनी शंभर भाषांचे जाळे शिकविताना ०.३ हा घात घेतला. त्यांनी हेही नोंदविले की जाळ्याचा आकार तोच ठेवून भाषा वाढवीत गेले तर एका मर्यादेनंतर प्रत्येकीची प्रत घसरू लागते. लहान भाषांना दिलेले पाणी मोठ्या भाषांच्या चारीतूनच येते. म्हणून घात किती घ्यावा यावर त्यांनी प्रयोग केले, दोन्ही पारडी पाहिली आणि ०.३ वर ते थांबले.

आपला मुलगा रात्री अकरा वाजता मोबाइलला मराठीत किंवा उर्दूत बीजगणित विचारतो तेव्हा त्याला मिळणारे उत्तर कितपत नीट असेल, हे अशा आकड्यांवर अवलंबून असते. तो आकडा कोठल्या तरी खोलीत चार-पाच माणसांनी बसून ठरविलेला असतो. त्या खोलीत बसण्यासाठी फार अगम्य गणित यावे लागते अशी समजूत असेल तर हे उदाहरण वहीत सोडवून पाहा. दोन भाषांतले अंतर हजारपट आहे, घात ०.३, तर नवे अंतर किती? प्रयोगशाळेच्या कपाटात लॉगची कोष्टके असतील. १००० चा लॉग ३. त्याला ०.३ ने गुणले की ०.९. कोष्टकात ०.९ चा प्रतिलॉग पाहा, तो ७.९४ येतो. म्हणजे हजारपटीचे अंतर आठपटीच्या आत आले. घात ०.७ ठेवून तोच हिशेब कोणी करून आणला तर मी येथेच बसलेलो आहे, वही तपासून देईन.